ट्रॉलीत खुशीत, बोलेरोत ओकारी: कुत्र्याला गाडी का लागते आणि लांबच्या प्रवासाआधी काय करायचं

विदर्भातल्या कितीतरी गावांत हे कोडं पाहायला मिळतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापसाच्या गाठोड्यांवर उभं राहून वावरातून घरी येणारं कुत्रं वारा खात, कान उडवत, अगदी मजेत असतं. तेच कुत्रं बोलेरोत बसवलं की फाटा यायच्या आत तोंडातून लाळेच्या तारा सुटतात, आणि डांबरी रस्ता लागेपर्यंत सकाळची दूध-भाकर सीटवर. "कुत्र्याले कुठं गाडी लागते का राजा?" म्हणून लोक हसतात. लागते. माणसाला ज्या कारणाने लागते त्याच कारणाने लागते. माणूस निदान "जरा थांबवा हो" म्हणू शकतो, खिडकीजवळची जागा मागून घेतो. कुत्रं जिथे बसवलं तिथेच बसतं.

एरवी याची फार फिकीर करायचं कारण नव्हतं, कारण गावातलं कुत्रं गावातच राहायचं. आता पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला, आईबाप दोन-चार महिने त्यांच्याकडे राहायला निघतात. मास्तरांची, ग्रामसेवकांची बदली होते. घर बंद, मागे कुत्र्याला भाकर टाकायला कोणी नाही, म्हणून ते गाडीत. आर्वीहून किंवा दारव्ह्याहून पुणं म्हणजे अख्ख्या दिवसाचा प्रवास. इतका वेळ मळमळ सहन करणं ही त्या जनावराला मोठी शिक्षा आहे, आणि शेजारी बसणाऱ्यालाही.

गाडी लागणं हे एक दुखणं वाटतं, पण ती दोन आहेत. एक कानाचं, दुसरं आठवणीचं. पहिल्यावर गोळी आहे. दुसऱ्यावर गोळीचा पुरता इलाज नाही, तिथे सराव लागतो, आणि सराव आदल्या रात्री होत नाही. बहुतेक लोक गोळी तेवढी विचारतात आणि मग "गोळी देऊनही गळतच होतं" म्हणतात.

कानातलं पाणी

कुत्र्याच्या काय किंवा आपल्या काय, कानाच्या अगदी आतल्या भागाचं काम ऐकण्यापुरतं नसतं. तिथे अर्धवर्तुळाकार तीन बारीक नळ्या असतात, एकमेकींशी काटकोनात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं वळलं की नळी वळते, पण द्रव थोडा मागे राहतो. भरलेली घागर घेऊन चालणारी बाई थबकली तरी आतलं पाणी क्षणभर डुचमळत राहतं, तसंच. त्या डुचमळण्याने नळीतल्या केसासारख्या पेशी वाकतात आणि मेंदूला कळतं की डोकं अमुक दिशेला वळलं. शेजारीच चुन्यासारख्या कॅल्शियमच्या बारीक खड्यांचा एक थर असतो. गाडी एकदम पळाली, ब्रेक लागला, खड्ड्यात आदळली, हे त्या खड्यांच्या सरकण्यावरून कळतं.

आता बोलेरोच्या मागच्या सीटखाली बसलेलं कुत्रं डोळ्यासमोर आणा. डोळ्यांना पुढच्या सीटची पाठ दिसते, आणि ती हलत नाही. पाय जमिनीवर टेकलेले आहेत, तेही सांगतात की आपण बसलो आहोत. कान मात्र सांगतो की आपण वळतोय, हेलकावतोय, थांबतोय, पुन्हा निघतोय. या साक्षी जुळत नाहीत. मेंदूच्या खालच्या टोकाशी, जिथे श्वास आणि हृदयाची गती सांभाळली जाते, तिथेच उलटीचं केंद्र आहे. ही गफलत चालूच राहिली की ते चाळवतं.

साक्षी जुळल्या नाहीत म्हणून पोट का रिकामं करायचं, याचं एक उत्तर मिशेल ट्रीसमन यांनी १९७७ मध्ये सुचवलं. निसर्गात डोळा आणि कान यांचा मेळ बिघडायचा तो बहुधा काहीतरी विषारी खाल्ल्यावर. म्हणून मेंदू खाल्लेलं बाहेर काढायला लावतो. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, पण पटण्यासारखा आहे.

मुख्य गुन्हेगार कानच, हे मात्र जुनं ज्ञान आहे. अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये मूकबधिर लोकांची पाहणी मांडली. त्यांतल्या बऱ्याच जणांना गरागरा फिरवलं तरी चक्कर येत नव्हती. ज्यांचा आतला कान निकामी झालेला असतो, त्यांना बोटही लागत नाही आणि गाडीही लागत नाही.

पिल्लांना जास्त लागते, कारण तोल सांभाळणारी ही यंत्रणा अजून पक्की व्हायची असते. वर्षभराचं झालं की पुष्कळ कुत्र्यांचं आपोआप थांबतं. मग तीन-चार वर्षांचं कुत्रं का ओकतं? त्याकडे येऊच. आधी ट्रॉली.

ट्रॉलीत का लागत नाही

ट्रॉलीत धक्के तर किती बसतात! तरीही लागत नाही, कारण धक्क्यांची जात वेगळी असते. माणसांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की सर्वांत जास्त मळमळ संथ हेलकाव्यांनी होते, साधारण पाच सेकंदांना एक, अशा गतीच्या. ट्रॅक्टरची थडथड त्याहून कितीतरी जलद असते. ती हाडं खिळखिळी करते, पण पोट ढवळत नाही. मऊ स्प्रिंगांची गाडी खड्डे बुजवलेल्या रस्त्यावरून जाताना डावी-उजवीकडे झुलते, ते झुलणं वाईट. म्हणजे आपल्याला जी गाडी आरामाची वाटते, ती कुत्र्याच्या कानाला आरामाची असेलच असं नाही.

शिवाय ट्रॉलीत कुत्रं उभं असतं, त्याला पुढचा रस्ता आणि दोन्हीकडचं शिवार दिसतं, म्हणून डोळा आणि कान एकच गोष्ट सांगतात. वेग कमी असतो. वारा मोकळा असतो. बंद गाडीत डिझेलचा वास, सीटच्या रेक्झिनचा वास, आणि डॅशबोर्डवर ठेवलेली ती उग्र वासाची डबी. कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी आपल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतात. आपल्याला मोगरा वाटतो तो त्याच्या डोक्यात जातो. प्रवासाच्या आठवडाभर आधी ती डबी काढून टाका. आपल्यालाही बरं वाटेल.

आठवणीचं दुखणं

रशियाचे इव्हान पाव्हलोव्ह यांना १९०४ मध्ये नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी, आणि ते काम कुत्र्यांवर झालं होतं. अन्न समोर यायच्या आधी मिळणाऱ्या एखाद्या खुणेनेच कुत्र्याला लाळ सुटते, हे त्यांनी दाखवलं. खूण कोणतीही चालते. आपल्या गावातल्या कुत्र्याची खूण म्हणजे गाडीचं दार.

या कुत्र्याचे आजवरचे प्रवास आठवून पाहा. पिल्लू असताना आईपासून तोडून कोणीतरी गाडीतून आणलं. मग तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात रेबीजची सुई. पुढच्या वर्षी पुन्हा सुई. एकदा पाय कापला तेव्हा टाके. गाडीत बसलं की आधी पोटात ढवळतं आणि उतरल्यावर सुई टोचली जाते, एवढंच त्याला ठाऊक. कान कधीच पक्का झालेला असतो, पण नुसतं दार उघडल्याबरोबर त्याला लाळ सुटते, ते थरथरतं, बाजेखाली जाऊन बसतं. गाडी सुरूही झालेली नसते. याला कानाची गोळी काय करणार?

मोठ्या कुत्र्यांत हेच दुखणं जास्त सापडतं. ओळखायची रीत सोपी आहे. गाडी बंद, दार उघडं, आत काहीतरी आवडीचं ठेवा. कुत्रं तिथेच गळायला लागलं, जांभया देऊ लागलं, तोंड फिरवू लागलं, तर तो आठवणीचा भाग. मजेत आत चढलं, खाल्लं, आणि चार-पाच किलोमीटरनंतर गप्प होऊन ओठ चाटू लागलं, तर तो कानाचा. दोन्ही एकत्र असणं तर नेहमीचंच.

उलटी हा शेवट असतो, त्याच्या बऱ्याच आधीपासून खुणा मिळतात. वारंवार ओठ चाटणं. झोप नसताना जांभया. आवंढे गिळणं. लाळ. धाप. कुईकुई. काही कुत्री उलट एकदम मलूल होतात, मान खाली घालून बसतात. त्याला लोक "शांत बसलं बिचारं" म्हणतात. ते शांत नसतं. त्याला मळमळत असतं.

सराव

प्रवासाला महिना-दीड महिना असताना सुरुवात केली तर उत्तम. घरची गाडी असेल तर अंगणात लिंबाखाली उभी असतेच. पहिले काही दिवस कुत्र्याचं जेवण गाडीजवळ द्यायचं, बस्स. आधी लांब, मग रोज थोडं जवळ. मग दार उघडं ठेवून पायरीजवळ. मग आत सीटवर. ओढायचं नाही, उचलून आत टाकायचं नाही. ते स्वतःहून चढलं आणि लगेच उतरलं तरी चालेल. या सगळ्या दिवसांत गाडी सुरू करायची नाही. ही पायरी लोक गाळतात, कारण "नुसतं उभ्या गाडीत बसवून काय होते?" असं वाटतं. आठवणीच्या दुखण्यावरचा निम्मा इलाज उभ्या गाडीतच होतो.

मोजमाप एकच: खातं की नाही. मळमळणारं किंवा घाबरलेलं कुत्रं मटणाचा तुकडासुद्धा नाकारतं. घेतलं तर पुढची पायरी, नाकारलं तर एक पायरी मागे. मनाने तारीख ठरवायची नाही, कुत्रं ठरवेल.

मग इंजिन सुरू, गाडी जागच्या जागी, दोन मिनिटं. मग गल्लीच्या टोकापर्यंत. मग वावरापर्यंत, आणि तिथे त्याला धुऱ्यावरून मोकळं पळू द्यायचं. इथून पुढचे सगळे छोटे प्रवास त्याच्या आवडीच्या ठिकाणी संपले पाहिजेत. नदीवर न्या, संत्र्याच्या बागेत न्या, त्याची लाडकी माणसं राहतात त्या शेजारच्या गावी न्या. या काळात दवाखान्याची फेरी टाळता आली तर टाळा. टळत नसेल तर फटफटीवर न्या किंवा डॉक्टरांना घरी बोलवा.

आपल्याकडे घरोघरी गाडी नाही, हे खरंच आहे. लांबच्या प्रवासाला भाड्याची गाडी येते. मग सराव भावकीतल्या, शेजारच्या, कोणाच्याही उभ्या गाडीत करा. गाडी बदलली तर थोडं काम पुन्हा करावं लागतं, सगळं नाही. भाड्याच्या गाडीवाल्याला कुत्र्याचं आधीच सांगून ठेवा. ऐनवेळी दारात कुत्रं पाहून तो सीट कव्हरवरून कटकट करतो, आवाज चढतात, आणि ते सगळं कुत्रं ऐकत असतं. ताडपत्री, त्यावर जुनी वाकळ, आणि वर त्याच्या नेहमीच्या बसण्याचं पोतं अंथरून दाखवा. गाडीवाला निवळतो. घरच्या वासाचं पोतं कुत्र्यालाही धीर देतं.

गोळ्यांचा गोंधळ

इथे सावकाश वाचा, कारण नुकसान इथेच होतं.

घरात माणसांसाठी असलेली गाडी लागण्याची गोळी "अर्धी देऊन पाहू" म्हणून देऊ नका. त्यातलं औषध कदाचित कुत्र्यालाही चालणारं असेल, पण मात्रा वजनावर ठरते, आणि बाकी कोणते आजार आहेत यावरही. जिभेवर विरघळणाऱ्या गोड गोळ्यांत आणि बिनसाखरेच्या औषधांत झायलिटॉल असू शकतं. माणसाला ते निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर ते झपाट्याने खाली आणतं आणि यकृतही निकामी करू शकतं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला घरच्या मनाने कधीच द्यायचं नाही. झोपेच्या गोळीचं तर नावच काढू नका.

उलट्या थांबवणारी ऑन्डॅनसेट्रॉन आता घरोघरी असते. पोट बिघडल्यावर, किमोथेरपीनंतर ती चांगली लागू पडते. गाडी लागण्यावर तिचा भरवसा धरता येत नाही, कारण ती अडवते तो मार्ग वेगळा आहे.

कुत्र्यांच्या उलटीसाठीच, गाडी लागण्यासकट, तयार झालेलं औषध म्हणजे मॅरोपिटंट. अमेरिकेत त्याला २००७ मध्ये मान्यता मिळाली. उलटीचा निरोप पोचवणारं एक रसायन मेंदूत ज्या जागी जाऊन बसतं, ती जागाच हे औषध अडवतं. म्हणून कान कितीही ओरडला तरी उलटी बहुधा होत नाही. प्रवासाच्या निदान दोन तास आधी, अगदी थोड्या खाण्याबरोबर ते देतात. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, गाडी लागण्यासाठीची मात्रा साध्या उलटीच्या मात्रेपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे मागच्या आजारपणातली शिल्लक गोळी अंदाजाने देऊन उपयोग होत नाही. दुसरं, ते उलटी थांबवतं, मळमळ पूर्ण थांबवेलच असं नाही. लाळ गळू शकते. भीती तर त्याने जातच नाही. फार लहान पिल्लांना ते देत नाहीत.

तालुक्याच्या मेडिकलात ते हमखास असेल असं नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन अमरावती, अकोला किंवा नागपूरहून मागवायला हाताशी आठवडा असू द्या. तालुक्याचे डॉक्टर गुराढोरांत बुडालेले असतात, कुत्र्याचा प्रवास हा विषय त्यांच्यासमोर क्वचित येतो. तरी विचारायला संकोच नको. गुंतागुंत असेल, म्हणजे हृदयाचा, यकृताचा त्रास किंवा फिट येत असतील, तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था गाठावी.

"साहेब, झोपवून टाका ना, पुण्यालेच उठू द्या," अशी मागणी हमखास होते. त्यासाठी पूर्वी सर्रास वापरलं जाणारं औषध म्हणजे ॲसप्रोमॅझिन. त्याने कुत्रं हलत नाही, पण घाबरणं कमी होतंच असं नाही. भीती तशीच आणि पाय मात्र उठत नाहीत, असा प्रकार होऊ शकतो. रक्तदाबही उतरतो, शरीराचं तापमान सांभाळणं जड जातं. आपल्या उन्हात, पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला ते जास्तच धोक्याचं. भीती मोठी असेल तर भीतीवरची वेगळी औषधं आहेत. डॉक्टरांना "उलटी" आणि "भीती" या दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या सांगा.

घरगुती उपायांचं काय? सीटवर वर्तमानपत्र पसरणं: ओकलेलं टिपायला उत्तम, बाकी काही नाही. लिंबू हुंगवणं: बहुतेक कुत्र्यांना लिंबाचा वास नकोसा असतो, मळमळीत भर. आलं: किंचित चालतं, पण त्याच्या भरवशावर बारा तासांचा प्रवास काढू नये.

निघायचा दिवस

पहाटे निघा. त्यात तीन कामं होतात. आदल्या रात्री सात-आठला जेवलेलं कुत्रं पहाटे चारला आपोआप रिकाम्या पोटी असतं, वेगळं उपाशी ठेवावं लागत नाही. ऊन डोक्यावर यायच्या आत निम्मा रस्ता संपतो. आणि अंधारात खिडकीबाहेरून सरसर पळणारी झाडं दिसत नाहीत. सकाळी दूध देऊ नका, लाडाने तर मुळीच नाही. पाणी थोडं थोडं चालू ठेवा. पाच-सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मात्र फार वेळ उपाशी राहिलं की अशक्त होतं, त्याचं डॉक्टरांना विचारून ठरवा. निघण्याआधी अर्धा तास चालवून आणा, शी-शू होऊ द्या.

जागा कुठली? जुन्या बोलेरोला सर्वांत मागे समोरासमोरच्या आडव्या सीट असतात, आणि कुत्र्याला हटकून तिथेच टाकतात. त्याहून वाईट जागा गाडीत नाही. मागच्या चाकांच्या मागे हेलकावा सर्वांत मोठा असतो, आणि तोंड आडवं असल्याने डोळ्यांना काहीच नीट कळत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भाग सर्वांत कमी हलतो. म्हणून मधली सीट किंवा तिच्यापुढची खालची जागा द्या. पुढे पाहायला मिळालं की काही कुत्र्यांना बरं वाटतं. काहींना उलट पिंजऱ्यावर चादर टाकून बाजूचं दिसणं बंद केलं की बरं वाटतं. आपलं कुत्रं कोणत्या जातीचं नव्हे, कोणत्या स्वभावाचं, हे सरावातच कळतं.

बांधायचं ते छाती-खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्याला, गळपट्ट्याला नाही. ब्रेक लागला तर गळपट्टा फास होतो. काच बोटभर खाली असावी, मोकळी हवा लागते. पण डोकं बाहेर काढू देऊ नका. फोटो छान येतो, डोळ्यात मात्र कचरा जातो, आणि समोरून ऊस किंवा तुऱ्हाट्या भरलेली ट्रॉली येते तेव्हा काय होईल ते सांगायला नको.

गाडीवाल्याशी दोन शब्द बोला. वळण आधी दिसतं म्हणून चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही, त्याचं शरीर आधीच सावरतं. कुत्र्याला ते कळत नाही. लांबून हळू ब्रेक, वळणावर संथ, एवढंच मागा. आपल्या भागात खरा कस पहिल्या तासात लागतो, गावापासून महामार्गापर्यंत. समृद्धी एकदा लागला की ब्रेक आणि वळणं दोन्ही फार कमी. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, आणि गाडी लागणाऱ्या कुत्र्यासाठी तो जुन्या रस्त्यापेक्षा नक्कीच बरा. पण तिथे कडेला गाडी उभी करून कुत्र्याला उतरवायचं नाही. भरधाव ट्रकच्या बाजूला दार उघडलं आणि ते निसटलं तर संपलं. थांबा घ्यायचा तो पंपाशी, किंवा इंटरचेंजला बाहेर पडून. दर दोन तासांनी थांबा, आणि दार उघडायच्या आधी दोर हातात घ्या. ढाब्यावरच्या कुत्र्यांची टोळी नव्या पाहुण्याला सोडत नाही.

ढाब्यावर त्याला काही चारू नका. सावजीचा रस्सा आपला अभिमान असेल, पण कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतं, आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडं टोकदार तुटतात. पाणी द्या, दोन-चार घोट, पुन्हा थोड्या वेळाने दोन-चार.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला किंवा सेमाडोहमार्गे धारणीला जात असाल तर हिशेब उलटा. अंतर कमी, त्रास जास्त, कारण वळणामागे वळण. घाट चढायच्या आधीच थांबा घ्या, घाटात आणि जंगलात नको. मेळघाटच्या रस्त्यावर बिबट्या आहे, कुत्रं त्याचं आवडतं भक्ष्य आहे. उलटी आली तर गाडीतच येऊ द्या.

ऊन

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत कुत्र्याचा लांबचा प्रवास करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लग्नसराई कितीही असली तरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापेनेच थंड होतं. मळमळीत धाप आधीच वाढलेली, लाळेतून पाणी चाललेलं, त्यात गरम गाडी. उभ्या बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण १० अंशांनी चढतं, आणि काच थोडी उघडी ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. "चहा घेऊन येतो पाच मिनिटांत" एवढा वेळ पुरेसा आहे. एकाने चहा प्यावा, एकाने कुत्र्यासोबत सावलीत थांबावं. कुत्र्याच्या शरीराचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंश असतं. ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. जोराची धाप, लालभडक हिरड्या, लडखडणं, घट्ट चिकट लाळ दिसली की ही गाडी लागणं नव्हे, उष्माघात आहे. लगेच सावलीत, अंगभर पाणी, वारा, आणि मग दवाखाना. क्रम तोच, आधी पाणी.

रेल्वे हा पर्याय लोक विसरतात. रुळांवरची चाल बऱ्यापैकी सरळ आणि स्थिर असते. पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घेतला तर कुत्रं सोबत नेता येतं, पण खर्च बराच. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. भेदरट कुत्र्याला त्या पेटीत एकटं टाकणं मला पसंत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

ओकलंच तर

रागावू नका. रागावलं की आठवणीच्या वहीत आणखी एक ओळ लिहिली जाते. सुरक्षित जागा पाहून थांबा, उतरवा, दहा-पंधरा मिनिटं जमिनीवर चालू द्या. पाय स्थिर जमिनीवर टेकले की बरीच कुत्री लवकर सावरतात. साफ करायला साधं पाणी आणि खायचा सोडा. फिनाईल नको, त्या वासाने पुन्हा ओकेल. लगेच भांडंभर पाणी ठेवू नका. थोडा वेळ जाऊ द्या, मग घोटाघोटाने.

गाडी थांबून दोन-तीन तास झाले तरी उलट्या चालूच असतील, उलटीत रक्त असेल, किंवा प्रवास नसतानाही ओकत असेल, तर गाडीला दोष देऊ नका. जंत, पार्वो नावाचा आतड्यांचा विषाणूरोग, गोचिडीतून येणारा ताप, विषबाधा, पुष्कळ कारणं असू शकतात. मान एका बाजूला झुकलेली, डोळे आपोआप इकडून तिकडे हलताहेत, चालताना कोलमडतंय, तर कानाच्याच आत आजार असू शकतो. आणि नुसत्या कोरड्या वांत्या होताहेत, काही बाहेर पडत नाही, पोट ढोलासारखं टम्म, तर रात्र असो की पहाट, डॉक्टरांना उठवा. तिथे तासांचा हिशेब असतो.

काही कुत्री सराव आणि गोळी, दोन्ही करून बेजारच होतात. म्हातारं कुत्रं, हृदयाचं दुखणं, पराकोटीची भीती. आठ दिवसांच्या लग्नासाठी अशाला ओढत नेण्यापेक्षा शेजारच्या काकूंना दोन वेळच्या भाकरीचं सांगून जाणं बरं. घर आणि अंगण त्याचंच असतं.

नेलंच, तर पोचल्यावर आधी चालवा, पाणी द्या, आणि तास-दीड तासाने नेहमीच्या निम्मं खायला द्या, दही-भात किंवा साधा भात. नवीन घरात पहिले एक-दोन दिवस खाणं कमीच राहतं. परतीची तारीख निघण्याआधीच डॉक्टरांना सांगून ठेवा. मॅरोपिटंटची प्रवासाची मात्रा लागोपाठ दोन दिवसांपर्यंतच देतात, म्हणून एक मुक्काम करून लगेच परत फिरायचं असेल तर त्याचा हिशेब वेगळा बसतो. परतीची गोळी मात्र सोबतच न्या, आणि पिशवीत नको, रेबीज लशीच्या कार्डाबरोबर पाकिटात ठेवा.